येणे मागण्याचा संकोच

व्यापारी घरात वाढणाऱ्या मुलाला पाढ्यांबरोबरच दोन शब्द शिकावे लागतात : येणे आणि देणे. देणे वेळेवर फेडावे, हे त्याला शंभर वेळा सांगितले जाते. येणे वसूल कसे करावे, हे तो गादीशेजारी बसून पाहत पाहत शिकतो. तरीही एक येणे असे आहे, की ते मागताना बाजारात कोणापुढेही न दबणारा आपला माणूस एकदम मवाळ होतो. ते येणे म्हणजे मुलाच्या शाळेत आगाऊ भरलेले शुल्क. काही कारणाने मूल वर्षाच्या मध्येच शाळेतून काढावे लागले, तर ‘शाळेला गेले’ असे म्हणून आपण त्या रकमेवर पाणी सोडतो. विद्येच्या ठिकाणी पैशाची बोलणी कशी करायची, असा संकोच मनात घर करून असतो. हा संकोच खरोखर आदरातून येतो, की दुसऱ्याच कशातून, याचा विचार करण्याची वेळ काही वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबावर आली. तो अनुभव वाचकांपुढे हिशेबासारखाच, आकड्यांसह मांडीत आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा पिंपरी-चिंचवड भागात कापडाचे दुकान चालवीत असे. आमचे मूळ घर बार्शीचे. बारा वर्षे दुकान बरे चालले. पुढे जागेचे भाडे वाढले, गिऱ्हाईक पांगले, दिलेली उधारी अडकली आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज नफ्याच्या पुढे धावू लागले. अखेर एका पावसाळ्यात दुकान आवरून बार्शीस परत जाण्याचा निर्णय त्याने घेतला. त्याचा मुलगा तेव्हा जवळच्याच एका खासगी विनाअनुदानित शाळेत चौथीत होता. जूनमध्ये वर्ग सुरू झाले होते. जुलैअखेरीस त्याला शाळेतून काढून बार्शीच्या शाळेत घालावे लागणार होते.

सामानाची बांधाबांध सुरू असताना मी त्यांच्या घरी गेलो. बँकेतील नोकरीने मला लावलेली एक सवय अशी, की कोणाच्याही अडचणीचे बोलणे निघाले, की मी आधी कागद मागतो. पुतण्याकडे कागद नव्हते, सूनबाईंकडे होते. त्यांनी एक निळी फाईल पुढे ठेवली. शुल्काच्या पावत्या, शुल्कपत्रक, बसची पावती, अनामतीची पावती, शाळेची परिपत्रके, सारे तारखेप्रमाणे लावलेले होते.

आकडे असे होते. वर्षाचे शुल्क 90,000 रुपये. ते जून आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी 45,000 रुपयांच्या दोन हप्त्यांत भरावयाचे. एप्रिलमध्ये सगळे एकदम भरल्यास 3,000 रुपयांची सवलत. पुतण्याने एप्रिलमध्येच 87,000 रुपये भरले होते. बसचे दहा महिन्यांचे 24,000 रुपये जूनमध्ये भरलेले. पहिलीत प्रवेश घेताना दिलेली अनामत 20,000 रुपये, आणि त्याच वेळी भरलेले प्रवेश शुल्क 15,000 रुपये.

मी पुतण्याला विचारले, “यातले किती परत मागितलेस?”

तो खाली पाहत म्हणाला, “काका, जाऊ द्या ना. त्या शाळेत आमच्या बाजारातल्या चार जणांची मुले आहेत. मी फी परत मागायला गेलो, की संध्याकाळपर्यंत सगळीकडे बातमी होईल. दुकान बुडाले, आता पोराच्या फीवर आला, असे म्हणतील. जेवढी पत राहिली आहे, तेवढी तरी राहू द्या.”

संकोचाचे खरे मूळ माझ्यापुढे उघड झाले ते त्या क्षणी. विद्येचा आदर वगैरे सारे वरवरचे होते; आत होती ती पतीची धास्ती. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना मी पाहिले आहे, की ताळेबंद जितका बोलतो तितकीच बाजारातील कुजबुजही बोलते. त्यामुळे त्याला ‘लोकांचे काय ऐकतोस’ असे मी म्हटले नाही. मी फक्त दुसरी वही मागितली. देण्यांची.

त्या वहीत इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याचे देणे होते, सुरतेच्या साड्यांची दोन बिले होती, जागेच्या मालकाचे एक महिन्याचे भाडे होते. सर्वांत खाली दुकानातील दोन नोकरांचे प्रत्येकी दोन महिन्यांचे पगार होते. त्यांतील एक माणूस पहिल्या दिवसापासून दुकानात होता.

मी त्याला म्हणालो, “तुझ्यावर कोणाचे काही देणे नसते, तर हे येणे सोडण्याचा तुला पूर्ण अधिकार होता. तू ते दान समजला असतास, तर मी आनंदाने गप्प बसलो असतो. पण ज्याच्यावर देणे आहे, त्याने आपले येणे सोडणे हा मोठेपणा नव्हे. तो मोठेपणा दुसऱ्याच्या पैशाने होतो. तू शाळेत गप्प राहशील आणि तुझी लाज राखण्याचा खर्च तुझा नोकर देईल.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. सूनबाई म्हणाल्या, “काका, पत्र तुम्ही सांगा, मी लिहिते.”

पत्र लिहिण्यापूर्वी मागायचे काय आणि सोडायचे काय, हे ठरविणे आवश्यक होते. आपल्याकडे शाळेत भरलेल्या सर्व रकमांना सरसकट ‘फी’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि गोंधळाचा आरंभ तेथेच होतो. अनामत ही फी नव्हेच. ती आपली ठेव असून शाळेच्या ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला असते. मूल शाळा सोडते, त्या दिवशी ती परत करण्यायोग्य होते. त्यातून पुस्तके किंवा मोडतोड यांपोटी काही वजा करायचे असेल, तर त्याचा तपशील शाळेने द्यावयाचा असतो. बसचे शुल्क हे महिन्यागणिक मिळणाऱ्या सोयीचा मोबदला असतो. शिक्षण शुल्क त्याहून वेगळे. शिक्षकांचे पगार वर्षभराचे ठरलेले असतात, एक मूल गेल्याने ते कमी होत नाहीत. प्रवेश शुल्क हे प्रवेशाच्या वेळच्या कामापोटी एकदाच घेतलेले असते, आणि त्या शाळेत मूल तीन वर्षे शिकलेले होते. म्हणून प्रवेश शुल्काचा उल्लेखही करायचा नाही, असे आम्ही ठरविले. जे आपले नाही ते मागितले, की जे आपले आहे त्याचेही वजन कमी होते.

आणखी एक रक्कम असते ती देणगी. आमच्या फाईलमध्ये ती नव्हती. परंतु अनेक वाचकांच्या फाईलमध्ये असेल, म्हणून लिहितो. स्वखुशीने दिलेली देणगी आणि प्रवेशाची अट म्हणून घेतलेली देणगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली दिली, की संपली. तिची करसवलतीची पावती घेऊन पुढे तीच रक्कम परत मागणे शोभणारे नाही. दुसरीला मात्र कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 1987 पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार अशी रक्कम घेणाऱ्या शाळेला त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड होऊ शकतो. पण पावती न घेता रोख दिलेल्या रकमेचा पुरावा कोठून आणणार? व्यापाऱ्याने निदान एवढे तरी जाणावे, की ज्या पैशाची पावती नाही, तो खतावणीत कधी आलाच नाही.

आता शिक्षण शुल्काचा प्रश्न. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते, की एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. हे वाक्य वाचून बहुतेक पालक माघारी फिरतात. मी ते वाक्य तसेच ठेवून शुल्कपत्रक उघडले आणि पुतण्याला एक साधा प्रश्न विचारला : तुझ्या मुलाशेजारी बसणाऱ्या मुलाच्या वडिलांनी हप्त्याने शुल्क भरले असते आणि ते जुलैमध्ये गाव सोडून गेले असते, तर त्यांचे किती पैसे गेले असते? 45,000. नोव्हेंबरचा हप्ता त्यांना भरावाच लागला नसता. तुझे किती जात आहेत? 87,000. दोन्ही मुले तेवढेच दिवस शिकली. फरक एवढाच, की तू शाळेवर विश्वास ठेवून आधी पैसे दिलेस.

आमची सगळी बाजू या एका तुलनेत होती. आगाऊ भरणाऱ्याला हप्त्याने भरणाऱ्यापेक्षा वाईट वागणूक मिळावी, असा कोणत्याही सचोटीच्या संस्थेचा हेतू नसतो. शुल्कपत्रकावर शाळेनेच हप्ते छापलेले असतात. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा 2011 चा कायदा आहे. त्यानुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. म्हणून शुल्कपत्रक हा कागद पालकाने पावतीइतकाच जपावा. वाद झाल्यास पावती फक्त किती भरले ते सांगते. केव्हा किती भरणे देय होते, ते शुल्कपत्रक सांगते.

त्या 3,000 रुपयांच्या सवलतीचाही हिशेब मी पुतण्याला करून दाखविला. जूनचा हप्ता त्याने दोन महिने आधी भरला आणि नोव्हेंबरचा सात महिने आधी. या मुदतीवर 3,000 रुपये म्हणजे वर्षाला साधारण नऊ टक्के व्याज पडते. शाळेने दिलेली ती भेट नव्हती. शाळेला दिलेल्या बिनतारणी कर्जावरील व्याज होते. आणि हे पैसे त्याने काढले होते साडेअकरा टक्क्यांच्या कॅश क्रेडिट खात्यातून! साडेअकराने घेऊन नऊने देणे, हा व्यवहार त्याने मालाच्या बाबतीत कधी केला नसता. मुलाच्या शाळेचे नाव आले, की आपली आकडेमोड झोपी जाते.

कायदा काय म्हणतो, हे मी पाहिले. पण पत्रात त्याचा धाक घातला नाही. वाचकांसाठी मात्र थोडे सांगतो, कारण याविषयी अर्धवट माहिती फार फिरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये शुल्क परताव्याची पायरी ठरविली होती. प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण रक्कम, त्यानंतर क्रमाने 90, 80 आणि 50 टक्के, आणि अखेरच्या तारखेनंतर महिना उलटल्यावर काही नाही. ही पायरी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. चौथीतल्या मुलाच्या शाळेपुढे ती ठेवली, तर आपले अज्ञान दिसते आणि समोरच्याला हसण्यास कारण मिळते.

ग्राहक आयोगाचा मार्गही वाटतो तितका सरळ नाही. महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अशी भूमिका घेतली, की शिक्षण देणारी संस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा पुरवीत नाही. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठानेही जानेवारी 2020 मध्ये शैक्षणिक संस्थांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. मात्र खासगी शिकवणी वर्गांना ती सूट दिली नाही. तेव्हा ज्यांच्या मुलांनी शिकवणी वर्गाचे दोन-दोन वर्षांचे पैसे एकदम भरले आहेत, त्यांच्यासाठी ते दार उघडे आहे. केंद्र शासनाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांतही पूर्ण शुल्क भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, असे म्हटले आहे.

शाळेच्या बाबतीत उरतो तो साधा करार. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 बँकेत काम केलेल्या माणसाला परिचयाचे असते. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहिलेले असले, तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. दिल्लीतील एका मालमत्तेच्या व्यवहारात, फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने 1,000 रुपयांचा विसार विक्रेत्याकडे राहू दिला. पण वर घेतलेले 24,000 रुपये केवळ करारात लिहिले आहे म्हणून जप्त करू दिले नाहीत. ‘परत मिळणार नाही’ हे छापील वाक्य शेवटचा शब्द नसते, एवढा बोध त्यातून घेता येतो. परंतु दिवाणी दावा म्हणजे वकील, तारखा आणि वर्षे. ज्याला नोकराचा पगार या दिवाळीपूर्वी द्यायचा आहे, त्याने तो मार्ग मनात ठेवावा आणि पत्र नम्रपणे लिहावे.

नम्र पत्र म्हणजे लाचार पत्र नव्हे. आमचे पत्र एका पानाचे होते. पहिल्या परिच्छेदात शाळेचे आभार; ते मनापासून होते, कारण मुलाला तेथे चांगले शिक्षक लाभले होते. दुसऱ्यात कुटुंब बार्शीस स्थलांतर करीत असल्याचे एक वाक्य. दुकानाचा उल्लेख नाही. पतीची काळजी घ्यायची, ती येथे. मागणे टाळून ती घेता येत नाही. गरजेपेक्षा जास्त न सांगून घेता येते. तिसऱ्यात मागणीचा तक्ता : अनामत 20,000, बसचे आठ महिन्यांचे 19,200, आणि 87,000 मधून जूनचा पूर्ण हप्ता 45,000 वजा जाता 42,000. एकूण 81,200 रुपये. हप्त्याचा हिशेब करताना 3,000 रुपयांची सवलत आम्ही आपणहून सोडली होती, कारण ती वर्षभराच्या शुल्कावर मिळालेली होती. पावत्यांच्या प्रती जोडल्या, पुतण्याच्या बचत खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडला, आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला.

दाखल्याचा अर्ज मात्र वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी दिला. हे मी आग्रहाने करविले. पैशाचा आणि दाखल्याचा विषय एका कागदावर आला, की एकासाठी दुसरे अडून बसते, आणि मधे मूल अडकते. सहा ते चौदा वयाच्या मुलांबाबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये दाखला तत्काळ देण्याचे सांगितले आहे, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबविता येत नाही. शाळेने दाखला चार दिवसांत दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलगा बार्शीच्या शाळेत बसू लागला. पैशाचे काय होते याची त्याला वार्ताही नव्हती. त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही, असे सूनबाईंनी घरात सर्वांना बजावले होते. घरातील बोलणी ऐकून मुलाला वाटू नये, की आपल्याला शाळेने काढून टाकले.

पत्राला महिनाभर उत्तर आले नाही. या काळात पुतण्याच्या सासऱ्यांनी एक मार्ग सुचविला. शाळेच्या विश्वस्तांपैकी एक गृहस्थ आपल्याच समाजातले, लग्नकार्यात भेटणारे. त्यांना एक फोन केला, की काम होईल. सूचना आपुलकीचीच होती. मी नको म्हणालो. ओळखीने मिळालेला पैसा हा उपकार होतो, आणि उपकाराची फेड कोठे, कशी मागितली जाईल हे सांगता येत नाही. शिवाय त्यामुळे मागणीचे स्वरूपच बदलते. जे शाळेच्या शुल्कपत्रकाच्या आधारे मिळावयाचे, ते विश्वस्तांच्या मर्जीने मिळाले असे होते, आणि ज्या पालकाची कोणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी दार बंदच राहते.

आम्ही दुसरे, स्मरणाचे पत्र दिले आणि भेटीची वेळ मागितली. मुख्याध्यापिकाबाई प्रामाणिक होत्या. त्यांनी आपली बाजू मांडली : “वर्ग सुरू झाल्यावर जागा रिकामी झाली, तर वर्षभराचे उत्पन्न बुडते. पगार तर द्यावेच लागतात.” मी म्हणालो, “बाई, हे अगदी मान्य आहे. म्हणून जूनचा पूर्ण हप्ता आम्ही मागितलेला नाही, जरी मुलगा दीडच महिना शिकला. ती जागा रिकामी राहिली आहे का, एवढेच सांगा.” त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, की प्रतीक्षा यादीतील एका मुलीला ऑगस्टमध्ये ती जागा दिली आहे. त्यांनी हे लपविले असते, तरी आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. प्रकरण विश्वस्त मंडळापुढे ठेवते, असे त्यांनी सांगितले आणि शब्द पाळला.

ऑक्टोबरमध्ये अनामत पूर्ण परत आली. बसच्या रकमेतून एका महिन्याचे शुल्क पूर्वसूचनेपोटी ठेवून 16,800 रुपये मिळाले. शिक्षण शुल्काचे 42,000 मागितले होते. मंडळाने 30,000 मंजूर केले. एकूण 66,800 रुपये. मागणीपेक्षा 14,400 कमी. पुतण्याने विचारले, आणखी लढायचे का? मी म्हणालो, मिळालेले शाळेने कायद्याच्या धाकाशिवाय दिले आहे. उरलेल्यासाठी एक आभाराचे पत्र लिही आणि खाते बंद कर. बँकेतही तडजोडीची रक्कम ठरल्यावर उरलेल्याचा काटा मनात ठेवू नये, असा दंडक असे.

दिवाळीपूर्वी त्याने दोन्ही नोकरांचे पगार चुकते केले. जुन्या माणसाला त्यात एका महिन्याची रक्कम वर घालून दिली. राहिलेल्या पैशांतून इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला पहिला हप्ता पाठविला. बाजारात बातमी पसरली की नाही? पसरली. पण ती अशी पसरली, की दुकान बंद केले तरी माणसाने नोकरांचे पगार बुडविले नाहीत. आज बार्शीत त्याचे लहान दुकान आहे आणि इचलकरंजीचा तोच व्यापारी त्याला महिन्याच्या मुदतीवर माल देतो. पत राखली गेली ती शाळेत गप्प बसल्याने नव्हे.

हे सारे वाचून कोणी शाळांशी भांडण्यास निघावे, असा माझा मुळीच हेतू नाही. शाळेत मूल घालणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी प्रवेशाच्याच दिवशी तीन गोष्टी कराव्यात. शुल्कपत्रक मागून घ्यावे. अनामतीची पावती वेगळी घ्यावी. मध्येच शाळा सोडावी लागल्यास काय, हे लेखी विचारावे. व्यवसायात चढउतार असेल, तर सवलतीच्या मोहाने वर्षाचे शुल्क एकदम भरू नये, हप्त्याने भरावे. आणि जे आईवडील प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शिक्षण शुल्काची वजावट घेतात, त्यांनी परत मिळालेली रक्कम वजा करूनच ती दाखवावी. एका हाताने शाळेकडून न्याय मागायचा आणि दुसऱ्या हाताने सरकारकडे चुकीचा आकडा द्यायचा, हे बरे नाही.

आपल्या वाचकांत पालक आहेत तसे शिक्षण संस्थांचे विश्वस्तही पुष्कळ आहेत. त्यांना एक निवृत्त बँक अधिकारी म्हणून विनंती करतो. अनामत रकमा वेगळ्या खात्यात ठेवा; त्यांतून इमारतीचा रंग किंवा बसचा हप्ता भागवू नका. परताव्याचा नियम पावतीच्या मागे बारीक अक्षरांत नको. शुल्कपत्रकावर समोर, मोठ्या अक्षरांत असू द्या. जागा पुन्हा भरली गेली, तर आधीच्या मुलाचे न वापरलेले शुल्क मागण्याची वाट न पाहता परत करा. शाळा सोडून जाणारे कुटुंब बहुधा आनंदाने जात नसते. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाचे दुकान बंद पडलेले असते. अशा घराला न मागता आलेला धनादेश म्हणजे शाळेने त्या मुलाला दिलेला अखेरचा धडा असतो, आणि तो धडा ते घर विसरत नाही.

आपल्या पेढ्यांवर वर्षाच्या शेवटी वही बंद करताना येणे आणि देणे दोन्ही बाजू पुऱ्या लिहिण्याची रीत आहे. संकोचाने एखादे येणे लिहायचे टाळले, तर त्या वर्षाचा मेळ बसत नाही, आणि बेरजेतील ती तूट कोणाला तरी भरून द्यावी लागते. ती दुकानातल्या नोकराने भरू नये, एवढे पाहणे हे मालकाचे काम आहे.